सुवर्णाच्या दोन कुप्या

ईशान आणि तारा,

गेल्या रविवारी कॉलवर ताराने विचारले, "आजी, तू खरंच माणसाची कातडी प्रिंट करायचीस?" मी हो म्हटले. लगेच ईशानने विचारले, "मग ती कुणाला लावली?" त्यावर मी, "तुमची शाळेची बस यायची वेळ झाली ना," असे म्हणून कॉल बंद केला. रविवारी शाळेची बस नसते, हे मला नंतर आठवले.

तुम्ही मला पकडले नाही, पण मी स्वतःला पकडले. म्हणून हे लिहीत आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्या कामाविषयी लेख हवाच होता, त्यांनाही हेच देते. तुमची आई वाचून दाखवेल. अडेल तिथे तिला थांबवा.

हे इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला सोपे गेले असते आणि मलाही. मी शाळेपासून इंग्रजीतच लिहीत आले. प्रयोगांच्या वह्या, अहवाल, किराणाच्या याद्यासुद्धा. पण अहवाल लिहायची आम्हाला एक शिस्त असते, की त्यात माणूस दिसू द्यायचा नाही. 'फ्लास्क दूषित आढळले.' कुणी केले, ते कुठेच नसते. ही हकीकत मला तशी लिहायची नाही.

आधी काम काय होते ते सांगते. अंबडच्या कारखान्यांमध्ये, एका पत्र्याच्या शेडमागे आमची प्रयोगशाळा होती. बाहेरून बघणाऱ्याला आत नटबोल्ट होत असावेत असे वाटे. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी तिथे थोडे दिवस म्हणून गेले आणि राहिले.

माणसाच्या त्वचेचा नखाएवढा तुकडा घ्यायचा. त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि चपट्या पारदर्शक बाटलीत, म्हणजे फ्लास्कमध्ये, एका गुलाबी द्रवात वाढवायच्या. हा द्रव म्हणजे त्यांचे जेवण. फ्लास्क ठेवायचे एका बंद कपाटात, जिथली ऊब बरोबर आपल्या अंगाएवढी असते. एक दिवसाआड जेवण बदलायचे. पेशींना रविवार, सण, सुतक काही कळत नाही. तुमच्या मामाच्या लग्नात सीमांतपूजनाच्या सकाळी मी मधेच उठून अंबडला जाऊन आले. वरमाय कुठे गेली म्हणून कार्यालयात शोधाशोध झाली.

पेशी पुरेशा झाल्या की त्या जिलेटिन आणि कोलॅजनच्या पातळ खळीत मिसळायच्या. हीच आमची शाई. आणि छपाईयंत्र म्हणजे संगणकाने चालणारा सोऱ्या. चकली पाडताना सोऱ्या कितीही जोरात दाबा, चकलीला काही होत नाही. इथे दाब जरासा वाढला की सुईच्या तोंडाशीच पेशी मरतात. कमी पडला की रेघ तुटते. शाई पातळ झाली तर बिघडलेल्या जिलबीसारखी पसरते, घट्ट झाली तर आतल्या पेशी गुदमरतात. रेघेशेजारी रेघ, थरावर थर, आणि शेवटी ओल्या पापडासारखा, तळहाताएवढा तुकडा. तो पुन्हा उबेत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तो चिमट्याने न फाटता उचलता आला, तर काम झाले.

लोकांची कल्पना वेगळी असे. कळ दाबली की अवयव बाहेर पडतो, असे त्यांना वाटे. पिंपळगाव बसवंतहून एक द्राक्षबागाईतदार मोठ्या गाडीतून आले. त्यांच्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या.

"मॅडम, दोन छापा. एक बसवू, एक आपल्या कोल्ड स्टोअरेजला ठेवू. टेंपरेचर तुम्ही म्हणाल ते देतो."

मी सांगितले की बसवता येईल अशी किडनी अजून जगात कुणालाच छापता येत नाही.

"मग तुम्ही काय छापता?"

"कातडी. तीही एवढीशी."

दावणीला म्हैस आहे आणि घरात दूध नाही अशा माणसाकडे बघावे तसे ते माझ्याकडे बघत राहिले. जाताना द्राक्षांच्या दोन पेट्या ठेवून गेले. म्हणाले, "घाई करा जरा. शोध लावायचाच आहे तर लवकर लावा." त्यांचा भाऊ पुढच्या हंगामाआधी गेला. ते आम्हाला कळले तेव्हा द्राक्षे खाऊन संपली होती.

खरे म्हणजे आमचे बहुतेक तुकडे माणसाच्या अंगावर जाण्यासाठी नव्हतेच. ते क्रीम बनवणाऱ्या कंपन्यांसाठी होते. नवे क्रीम सशाच्या पाठीवर न लावता आमच्या तुकड्यावर लावायचे आणि किती पेशी मेल्या ते मोजायचे. काही ससे वाचले, ही आमची खात्रीची कमाई. त्यात मला लाज वाटत नाही. पण कातडी छापणारी बाई म्हणून लोक आदराने बघत, तेव्हा आत मी बहुधा एखाद्या गोरेपणाच्या क्रीमने मेलेल्या पेशी मोजत असे.

आमचा खरा शत्रू म्हणजे बुरशी. तिचा डोळ्याला न दिसणारा एक कण फ्लास्कमध्ये पडला की तीन दिवसांत आत कापूस फुटतो आणि महिन्याचे काम संपते. म्हणून मी दोन नियम घातले होते. पहिला असा की प्रत्येक माणसाच्या पेशींचे दोन गट करायचे. ते दोन वेगळ्या कपाटांत ठेवायचे आणि दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या दिवशी हाताळायचे. म्हणजे एकाच्या हातून घाण गेली तरी दुसरा गट वाचतो. एक गट माझा असे, दुसरा निलेशचा. निलेश माझा सहकारी, दोन मुलांचा बाप, माझ्याइतकाच काटेकोर. दुसरा नियम राखीव साठ्याचा. पहिल्याच वाढीतल्या चार छोट्या कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवायच्या. त्या भयंकर थंडीत पेशी मरत नाहीत, थांबतात.

तिसरा नियम कागदावर नव्हता. खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात, हे तुम्ही इथे बघितले आहे. रिक्षाला हार, लेथला हार. आमच्याकडेही मंडळी ऐकत नसत. पण हळद, कुंकू, झेंडू, उदबत्ती यांतले काहीही आत नेणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच. त्यावर मी तोड काढली. आमचे एक जुने, जळालेले सेंट्रीफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवायचे यंत्र, बाहेरच्या बोळात पडून होते. सगळ्या यंत्रांच्या वतीने पूजा त्याची. वर्षभर त्याच्याकडे कुणी बघत नसे आणि त्या एका दिवशी नवरदेवासारखे सजून बसे. या युक्तीचा मला मोठा अभिमान होता.

आता सुवर्णाचे सांगते.

ती मखमलाबादची, एकोणीस वर्षांची. घरची फुलांची शेती, झेंडू आणि शेवंती. एके सकाळी पाणी तापवायचा बंब विझला असे समजून तो पुन्हा पेटवायला तिने त्यात फवारणीच्या पंपासाठी आणलेले पेट्रोल ओतले. तळाशी निखारा होता. निम्म्याहून जास्त अंग भाजले. एवढे भाजल्यावर झाकायला स्वतःची चांगली त्वचा पुरत नाही. मरणोत्तर दान केलेली त्वचा लावतात, पण ती परकी. साधारण तीन आठवड्यांनी शरीर ती टाकून देते. त्याच्या आत स्वतःची त्वचा मिळाली पाहिजे. तिच्यावर उपचार करणारे रुग्णालय आणि आम्ही मिळून एक अभ्यास करत होतो. त्याला वैद्यकीय नीती समितीची मंजुरी होती. सुवर्णा त्यातली पहिली. तिच्या काखेतला नखाएवढा चांगला तुकडा आमच्याकडे आला. हातात तीन आठवडे होते.

तिची आई लंकाबाई. रुग्णालयात भेटीची वेळ संपली की ती अंबडला येऊन आमच्या बोळात, त्या सेंट्रीफ्यूजशेजारच्या बाकावर बसे. आत येता येत नसे. भिंतीवरच्या पडद्यावर मी तिला सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र दाखवत असे.

"ह्ये ठिपके म्हंजी सुवर्णा?"

"तिच्या पेशी."

"मिरचीच्या रोपावानी दाटल्यात की." मग थोड्या वेळाने, "पोरगी तिकडं वाळत चालली आन् हितं वाढती. काय न्याय हाय बघा मॅडम."

पेशी खरोखरच उत्तम वाढत होत्या. इतक्या जोमाने वाढणाऱ्या पेशी मी फार थोड्या पाहिल्या. सतराव्या दिवशी दोन्ही गट भरत आले होते. आणखी तीन दिवसांनी छपाई ठरली. आमचे प्रमुख डॉक्टर सबनीस यांनी सर्जनांना तसे कळवलेही.

तो सतरावा दिवस खंडेनवमीचा होता. लंकाबाई सकाळीच टोपलीभर झेंडू घेऊन आली. आमच्या लोकांनी सेंट्रीफ्यूजला हार घातला. ती बघत राहिली.

"ह्या मोडक्याला हार घालून काय व्हायचं? माझ्या पोरीचं काम कोण करतं? ते आतलं ना?"

"आत फूल चालत नाही, लंकाबाई."

"देवाला चालतं आन् तुमच्या मशीनीला नाय?"

सगळे हसले. मीही हसले. ती हसली नाही. टोपलीतले एक फूल उचलून तिने माझ्यापुढे धरले.

"एकच. पाच मिन्टं ठिवा आन् काढून टाका. ताई, मी आजवर काय मागितलं का तुमच्याकडं?"

काहीच मागितले नव्हते. आणि तिने मला प्रथमच ताई म्हटले होते.

मी ते फूल घेतले. शिस्तीतच घेतले, म्हणजे त्यावर स्पिरिट मारले, हातमोजे घातले आणि छपाईयंत्राच्या काचेच्या झाकणावर घड्याळ लावून पाच मिनिटे ठेवले. वहीत नोंदसुद्धा केली. पण झेंडूच्या दाट पाकळ्यांच्या आत स्पिरिट पोचत नाही, आणि पोचले तरी बुरशीच्या बीजाणूंचा त्याने पुरता बंदोबस्त होत नाही. हे मी वर्षानुवर्षे कॉलेजात मुलींना फळ्यावर लिहून शिकवले होते. लंकाबाई काचेपलीकडे हात जोडून उभी होती. त्या सतरा दिवसांत तिच्या चेहऱ्यावर मी तेवढे एकदाच समाधान पाहिले.

फूल बाहेर टाकून मी हातमोजे बदलले. अंगातला कोट बदलला नाही. त्या दिवशी माझ्या गटाचे जेवण होते. निलेशच्या गटाचे दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला होते. पण निलेश नामपूरला सासुरवाडीला गेला होता, म्हणून त्याचे काम माझ्याकडे होते. आणि दसऱ्याला तुम्ही दोघे परदेशातून येणार होता. श्रीखंडासाठी चक्का टांगून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंबडला यायला नको म्हणून मी दोन्ही गट एकाच बैठकीत, त्याच कोटात उरकले. तुम्ही तेव्हा चार आणि सहा वर्षांचे होता. यात तुमचा काडीचा संबंध नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. नियम मी घातला होता आणि मीच मोडला.

तिसऱ्या दिवशी, छपाईच्या सकाळी, मी माझे कपाट उघडले. पहिल्या फ्लास्कमध्ये पांढरा धागा तरंगत होता. मग दुसऱ्यात. मग निलेशचे कपाट उघडले. नामपूरहून परतलेला निलेश माझ्या मागेच उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, माझ्यातसुद्धा?"

बुरशी लागलेले फ्लास्क तसेच फेकता येत नाहीत. कुकरसारख्या मोठ्या भांड्यात, दाबाखालच्या वाफेत सगळे मारावे लागते. सुवर्णाच्या पेशी मी स्वतः त्या भांड्यात ठेवल्या आणि झाकणाचे स्क्रू आवळले.

बुरशी फुलातूनच आली, हे मला सिद्ध करता येणार नाही. पावसाळा नुकताच संपला होता, वातानुकूलनाची नळीही ओली होती. पण ती एकाच दिवशी दोन्ही गटांत शिरली, याचे कारण मात्र एकच होते.

मी डॉक्टर सबनीसांना सगळे सांगितले. त्यांनी आधी केबिनचे दार लावले. मग म्हणाले, "फुलाचं त्या बाईला सांगू नका. आपल्याच फुलानं पोरीची कातडी गेली असं ती जन्मभर म्हणेल."

"मग काय सांगू?"

"पेशी वाढल्या नाहीत म्हणा. होतंच की असं."

मला ते पटले. दयाळूपणाचे वाटले. त्यात माझीही सुटका होती, हे तेव्हा मी मनात येऊ दिले नाही. बोळात जाऊन मी लंकाबाईला म्हटले, "पेशी नीट वाढल्या नाहीत. पुन्हा करतोय."

"आवो, परवा तर दाटल्या व्हत्या."

"कधीकधी होतं असं."

तिने पदराने तोंड पुसले. "सातव्या महिन्यातली हाय ती. पहिल्यापास्नं अशक्त. तिच्यातच दम नाय म्हणा की."

मी नाही म्हटले नाही.

राखीव चार कुप्यांतल्या दोन आम्ही त्याच दिवशी बाहेर काढल्या. पेशी जाग्या झाल्या आणि पहिल्यासारख्याच जोमाने वाढल्या. निलेश आणि मी आपापला गट सांभाळत होतो, एकमेकांच्या कपाटाला हात लावत नव्हतो. तिकडे परकी त्वचा सुटू लागली, जखमा उघड्या पडल्या, रक्तात जंतू गेले. छपाईला चार दिवस बाकी असताना सुवर्णा गेली. आमच्या तुकड्यांनी ती वाचलीच असती, असे कुणीही डॉक्टर छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण ते तुकडे तिच्या वाट्याचे होते आणि ते तिला मिळाले नाहीत.

त्यानंतर दर खंडेनवमीला लंकाबाईची टोपली येत राहिली. निरोप असा, "तुम्ही लय केलं." मी ते झेंडू घेत होते आणि सेंट्रीफ्यूजला घालत होते. मी प्रयोगशाळा सोडल्यावरही टोपली येत होती, असे निलेश सांगे. सहा वर्षे.

मागच्या महिन्यात निलेशचा फोन आला. प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाणार आहे आणि नायट्रोजनची टाकी रिकामी करून यादी करायची आहे. "मॅडम, तुमच्या अक्षरातल्या दोन कुप्या आहेत. सुवर्णाच्या." मग म्हणाला, "घरच्यांना विचारल्याशिवाय ठेवताही येत नाहीत आणि नष्टही करता येत नाहीत. मी जाऊ का?"

मी म्हटले, मी जाते.

मखमलाबादला गेले तेव्हा लंकाबाई शेताच्या बांधावर ताडपत्री टाकून फुलांची प्रतवारी करत होती. मोठी एकीकडे, किडकी एकीकडे. तिने मला बसायला पोते दिले, चहा मागवला. मी फॉर्म बाहेर काढला नाही. आधी सगळे सांगितले. फूल, कोट, दोन्ही गट, दसरा, श्रीखंड. आणि मी जे बोलले होते ते.

तिचे हात थांबले नाहीत. एक किडके फूल बाजूला टाकत तिने विचारले, "म्हंजी वाढल्या व्हत्या?"

"खूप चांगल्या वाढल्या होत्या. तशा मी फार कमी पाहिल्या."

"म्हंजी पोरीत दम व्हता."

"होता."

"मंग मी सहा वरीस काय म्हणत आले?" तिने प्रथमच माझ्याकडे बघितले. "पोटातच कमी राह्यली, माझ्याच पोटाचा दोष, असं म्हणत आले मी. गावात सांगत आले. तुम्ही माझी फुलं घेत व्हत्या आन् मला सांगितलं नाय?"

मी म्हटले, "तुम्ही फुलाला दोष द्याल असं वाटलं."

"तो मी दिला असता. माझं फूल, मी बघून घेतलं असतं." मग म्हणाली, "पोरीला कशाला दिला?"

चहा आला, तो तसाच राहिला. मी फॉर्म काढला आणि दोन चौकटी वाचून दाखवल्या. नष्ट करणे आणि जतन करणे.

"त्यात काय हाय अजून?"

"दोन कुप्या. गोठलेल्या."

"मेलेल्या?"

"नाही. काढून ऊब दिली तर वाढतील."

तिने फॉर्म मांडीवर घेतला. हात पदराला पुसले, तरी कागदावर बोटांचे पिवळे डाग पडले. कुठल्या चौकटीत खूण करायची ते विचारून घेतले, 'जतन'वर खूण केली आणि खाली सावकाश सही केली. कागद परत देताना म्हणाली, "यंदापास्नं फुलं नाय धाडणार." आणि पुन्हा प्रतवारी करू लागली. मी उठले तेव्हा तिने वर पाहिले नाही.

ती कुठे चुकली असे मला वाटत नाही. तुम्हीही तसे वाटून घेऊ नका.

ईशान, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे की मी छापलेली कातडी कुणाच्याही अंगावर गेली नाही. फुलाची नोंद असलेली ती वही मी जपून ठेवली आहे. मोठे झाल्यावर मागितलीत तर देईन. जळके सेंट्रीफ्यूज भंगारात गेले. नव्या इमारतीतल्या टाकीत, तिसऱ्या कप्प्यात, माझ्या अक्षरातली चिठ्ठी लावलेल्या सुवर्णाच्या दोन कुप्या आहेत. त्यांतल्या पेशी जिवंत आहेत.